टिकल्या मीच काढल्या होत्या

आमच्या चारकोपच्या सेक्टरमध्ये एक गोष्ट गेली काही वर्षं सांगितली जाते. समोरच्या घरातल्या माझ्या मित्राचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. तो मी माझ्या सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर, पुन्हा शोधून काढला, आणि माझ्या बायकोने गणपतीच्या साफसफाईत ओल्या फडक्याने तो पुसून टाकला. ही गोष्ट पसरवली मीच. मित्र गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, विहारात, माइकसमोर उभं राहून. तिचा शेवटचा भाग खोटा आहे. माझ्या बायकोने काहीही घालवलेलं नाही. जे घालवलं ते मी. ते कसं झालं, एवढंच इथे लिहितो.

मी गिरणी कामगाराचा मुलगा. वडील चाळीतल्या भजनात पेटी वाजवायचे, त्यांच्या मागे बसून मी पेटी शिकलो. पुढे नोकरी लागली ती इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या एका गाळ्यात. त्यामुळे सूर आणि वायरी या दोन्ही गोष्टी मला थोड्याथोड्या कळतात. निवृत्त झाल्यावर कुर्ल्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून मी जुना सिंथ घेतला. कीबोर्ड म्हटला की लोकांना वाटतं, बटण दाबलं की बासरी आणि दुसरं दाबलं की व्हायोलिन. याच्यात तसं नाही. तयार आवाज एकही नाही, नुसते नॉब. आधी एक कच्चा, भुंग्यासारखा आवाज निघतो. मग एका नॉबने त्याची धार कमी करायची, दुसऱ्याने त्यात थोडी हवा मिसळायची, तिसऱ्याने तो किती सावकाश उठावा आणि विझावा ते ठरवायचं. या मशीनला आठवण नाही. नॉब हलले की आवाज गेला. पुन्हा हवा असेल तर सगळे नॉब पुन्हा जिथल्या तिथे आणायला लागतात, आणि केसभर इकडेतिकडे झालं तरी तो आवाज तो राहत नाही.

यावर मी छोट्या छोट्या रचना करतो. मिनिटभराच्या, फार तर दोन. शब्द नाहीत, ठेका असला तर असला. हेडफोन लावून बसायची सवय, त्यामुळे घरात कोणाला काही ऐकू जायचं नाही, फक्त पट्ट्यांची टकटक. बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, "अहो, तुमच्या गाण्यात आज टकटक जरा जास्तच आहे हो."

आवाज जमला की नॉबच्या टोकासमोर खूण करावी लागे. पेनाची शाई घामाने पुसली जाई, चिकटपट्टी उकलून येई. एकदा हिच्या आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलेल्या टिकल्या दिसल्या आणि डोक्यात आलं, याच लावाव्यात. बारीक, लाल, घट्ट बसणाऱ्या. हिने पाहिलं तेव्हा हसली. "नवरी केलीत की पेटीची!" मग बाजारातून येताना एक पाकीट माझ्यासाठी वेगळं आणायला लागली. तुम्ही म्हणाल, मोबाइल होता ना, फोटो काढायचा. सुचलं नाही असं नाही. वाटायचं, टिकल्या आहेत की.

आता मित्राबद्दल. त्याचं घर आमच्या बरोबर समोर, मध्ये फक्त गल्ली. त्याचे आईवडील मराठवाड्यातून आलेले. बौद्ध कुटुंब. तो बसच्या डेपोत कामाला होता आणि जयंतीच्या दिवसांत त्याची गायन पार्टी असायची. स्टेजवर आवाज असा लावायचा की स्पीकरवाला हात जोडून म्हणायचा, "दादा, माइक जरा लांब धरा, माझं पोट आहे त्याच्यावर." मला तो "काय रे पेटीवाल्या" म्हणूनच हाक मारायचा. आमच्या बायकांचं सख्य मात्र आमच्यापेक्षाही जुनं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा नळाला पाणी नव्हतं. टँकरच्या रांगेत त्यांची ओळख झाली ती पुढे बाजार, दवाखाना, गच्चीवरच्या कुरडया, सगळ्यात टिकली. माझी बायको तिला ताई म्हणते, ती हिला वहिनी. पण दोघींचं बोलणं अगं-तुगं.

मित्राला घशाचा कर्करोग झाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याशी एक भोक राहिलं, त्यावर तो पांढरं कापड बांधायचा. बोलायचा पाटीवर. मुलाची शाळेतली जुनी पाटी माळ्यावरून काढली होती. लिहायचा, दाखवायचा, तळहाताने पुसायचा. त्याच सुमारास त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि लिहिलं, "नातवंडाला काय ऐकवू?"

मी म्हणालो, "तुझी एवढी रेकॉर्डिंगं आहेत."

पुसून लिहिलं, "तो स्टेजचा. घरातला नाही."

मला ते समजलं. स्टेजवरचा त्याचा आवाज सगळ्या सेक्टरला माहीत होता. पण संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून तो तोंड मिटून गुणगुणायचा, तो आवाज कोणीच रेकॉर्ड केला नव्हता. कोण कशाला करेल? त्याने माझ्या सिंथकडे बोट दाखवलं आणि लिहिलं, "यात बघ ना. एवढंसं. पोरगं झोपेपर्यंत पुरेल एवढं."

तेव्हापासून दुपारी जेवण झालं की तो यायचा. हेडफोन बाजूला ठेवून मी छोटा स्पीकर लावला. पहिला आवाज ऐकून त्याने पाटीवर लिहिलं, "कोंबडा." दुसऱ्याला, "सर्दी." तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक आवाज बराच भरदार निघाला, मी खुशीत त्याच्याकडे पाहिलं, तर लिहिलं, "हा तू." मग तो स्वतःच नॉब फिरवायला लागला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आपला आवाज आतून कसा लागायचा ते त्यालाच माहीत. धार एवढी नको, असं हाताने दाखवायचा. सूर सुरू होताना खालून घसरत यायला हवा, ते खांद्याने दाखवायचा. हवा जास्त झाली की नाक मुरडायचा.

एका दुपारी त्याची बायको त्याला औषधाच्या गोळ्या द्यायला आली. मी त्याच वेळी पट्टी दाबली होती. ती दारातच थांबली. चौकटीला हात धरून म्हणाली, "परत वाजवा, भाऊ." मी परत वाजवलं. माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.  मित्राने पाटी उचलली, पण त्यावर काही न लिहिता ती मांडीवर ठेवून दिली.

त्या आवाजाच्या टिकल्या माझ्या बायकोने लावल्या. माझी बोटं जाड, नॉबला धक्का लागेल अशी भीती. ती एकेक टिकली लावत होती आणि ताई चष्मा पुढे ओढून सांगत होती, "जरा वर गं. हां, तिथंच."

"चल, रेकॉर्ड करून टाकू," मी म्हणालो. त्याने मान हलवली. "बसू दे," लिहिलं. त्याच्या गायन पार्टीचा हा नियमच होता. चाल अंगात बसल्याशिवाय ती बाहेर काढायची नाही. आमच्या भजनातही तेच. चार-पाच सुरांची एक ओळ त्याने ठरवली होती, आणि ती त्याला स्वतःच्या बोटाने वाजवायची होती. पट्ट्यांवर त्याने आयुष्यात कधी हात ठेवला नव्हता. रोज बसून गिरवत होता. मीही घाई केली नाही. यात चूक असेल तर ती दोघांची आहे.

पुढची चूक माझी एकट्याची.

मोबाइलवर आमचा एक ग्रुप आहे, अशाच छोट्या रचना करणाऱ्यांचा. बहुतेक सगळे माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. दर आठवड्याला कोणीतरी विषय देतं आणि सगळे मिनिटभराचा तुकडा टाकतात. मित्राच्या दुपारी सुरू झाल्यापासून मी तिथे काही टाकलं नव्हतं. "काका कुठे गायब?" असं विचारणं चालू होतं. मित्र तपासणीसाठी मुलाकडे मुलुंडला दोन दिवस गेला आणि नेमका त्या आठवड्याचा विषय आला, लोखंड. इस्टेटीतल्या गाळ्यात अख्खी उमर काढलेला माणूस मी. लोखंड मला या पोरांपेक्षा जास्त कळतं, असं मनात आलं. हात शिवशिवायला लागले.

मशीन एकच होतं. मी मित्राचे नॉब एकदा नीट बघून घेतले. घड्याळाच्या काट्यासारखे मनात धरले, हा अकराच्या जरा पुढे, हा दोनवर. आणि फिरवले. लोखंडाचा आवाज छान निघाला. त्याच्या खुणा करायला गेलो तर पाकीट रिकामं. हिच्याकडे मागितल्या असत्या तर हिने विचारलं असतं, कशाला, भाऊजींच्या लावल्यात ना? म्हणून मी मागितल्या नाहीत. मित्राच्या आवाजाच्या टिकल्या नखाने एकेक उचलल्या आणि माझ्या लोखंडासाठी वापरल्या.

तुकडा टाकला. "काका, झकास!" "वाट लावली सगळ्यांची!" "यार, हे कसं केलं?" दुपार ते वाचण्यात गेली. मग मी नॉब मनातल्या जागी परत आणले आणि पट्टी दाबली. आवाज आला, पण त्याच्या ओळखीचा काही नव्हता. एक नॉब जरा मागे घेतला. मग दुसरा पुढे. जितकं फिरवत गेलो तितकं मूळचं मनातूनही पुसट होत गेलं. दिवेलागणीपर्यंत मी बसलो होतो. ही दोनदा चहाला बोलावून गेली.

दुसऱ्या दिवशी गणपतीची साफसफाई होती. मी बाजारातून मखराचं सामान घेऊन आलो तेव्हा ती माझी खोली पुसून बाहेर पडत होती. सिंथ लखलखत होता. एकही टिकली नव्हती. त्या टिकल्या लोखंडाच्या होत्या, मित्राच्या नव्हेत, हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि मित्र त्या संध्याकाळी परत येणार होता.

"तू नॉबवरून फडकं मारलंस?" मी विचारलं.

"हो, वरच्यावर. का हो?"

"टिकल्या कुठे आहेत?"

 तिचा चेहरा उतरला. ती खाली बसली आणि बादलीतल्या गढूळ पाण्यात हात घालून टिकल्या शोधायला लागली. एक सापडली ती बोटाच्या टोकावर धरून तिने मला दाखवली. "मिळतील हो, सगळ्या मिळतील," म्हणाली. मिळून काय उपयोग, हे तिलाही कळत होतं. मी तिथे उभा होतो. म्हणायला हवं होतं, अगं, राहू दे, त्या मी कालच काढल्या होत्या. एवढंच. मी म्हणालो, "आता त्याला काय सांगायचं?"

संध्याकाळी मित्र परत आलेला दिसताच ती हातातलं काम टाकून उठली, हात पुसले आणि समोर गेली. मी व्हरांड्यातून बघत होतो. परत आली तेव्हा डोळे लाल होते. "त्यांनी पाटीवर लिहिलं, धूळ फार होती का वहिनी?" ती म्हणाली. "ते हसले हो. ताई नाही हसली."

आम्ही पुन्हा प्रयत्न केला. मित्र रोज आला. पण आता तो लवकर थकायचा. एकदा बरंच जवळ गेलो तर त्याने लिहिलं, "हा माझा भाऊ." त्याचा भाऊ गावी वारला होता, त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित निदान नॉब कुठून कुठे गेले हे तरी दोघांनी मिळून आठवलं असतं. मी फिरवत राहिलो, तो मान हलवत राहिला. मुलगी बाळंत झाली, नात झाली. तो तिला मांडीवर घेऊन पाठीवर दोन बोटांनी ढोलकीचा ठेका धरायचा. थंडी पडायच्या आत तो गेला.

पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनच बोलायला हवे होते. लोक रडत होते, ऐकत होते, आणि बोलता बोलता मला जाणवलं की गोष्ट चांगली होतेय. पाटी, टिकल्या, सापडलेला आवाज. शेवट आपोआप तोंडातून आला. "आणि आमच्या गृहिणीच्या एका फडक्याने..." असं मी म्हणालो. विहारात सगळीकडून हळहळ उठली आणि माना वळल्या. बायकांच्या मागच्या ओळीत माझी बायको बसली होती. तिने मान खाली घातली.

ताईने त्याआधीच बोलणं कमी केलं होतं. गल्लीत एकदा म्हणाली, "तुला घर चकाचक लागतं ना वहिनी, घे." त्यानंतर तेही बंद झालं. नातीच्या बारशाला आम्हाला बोलावणं आलं ते मुलाच्या हातून, आणि ही गेली नाही. बाजारात एकटी जायला लागली. कुरडया घालणं सोडलं. विचारलं तर म्हणे, गुडघे दुखतात. माझ्या खोलीत ती परत कधी फडकं घेऊन आली नाही. मीच झाडत असे. हे सगळं मी रोज बघत होतो. आणि सिंथवर छोट्या रचनाही करत होतो, हेही सांगितलं पाहिजे.

यंदा धाकट्याचं लग्न झालं. नवी सून हौशी आहे. परवा ती माझ्या खोलीत साफसफाईला निघाली तेव्हा बायकोने तिला दारातच अडवलं. म्हणाली, "तिथलं काही पुसू नकोस गं. माझ्या हातून एकदा एका माणसाचा आवाज गेलाय."

तिने हे रडून सांगितलं नाही. साखरेचा डबा वरच्या फळीवर आहे, असं सांगावं तसं सांगितलं. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती विसरली असेल.

त्याच दुपारी ती भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. ग्रुप, लोखंड, रिकामं पाकीट. तिचे हात चालूच होते. मग म्हणाली, "मी बादलीत हात घातला होता."

"हो."

"तुम्ही तिथेच होतात."

"हो."

ती रागावली की मालवणीत जाते. "तेव्हाच सांगूक काय झाला तुमका?"  पुढे तिचा आवाज एकदम खाली आला. "आवाजाचं जाऊ दे. माझी ताई गेली हो त्यात."

मी माफी मागायला लागलो तर तिने हात वर केला. "माझ्याकडे नको. जिथे जिथे सांगितलंत तिथे तिथे जाऊन सांगा. आधी समोर."

"तूही चल."

"मी कशाला? मी जाऊन आलेय एकदा."

मी एकटा गेलो. ताई नातीच्या गणवेशाला बटण लावत होती. मी बोलत होतो तोवर तिने सुई थांबवली नाही. मग दोरा दाताने तोडून म्हणाली, "ह्यांचा आवाज रोगाने गेला, त्याला कोणाचा इलाज नव्हता. मशीनमधला तुमच्याने गेला, तेही चालेल, माणूस चुकतो. पण वहिनीला मी तोडली ती तुमच्या शब्दावर. ते कसं भरून देणार, भाऊ?"

 

"चहा नाही करत मी तुम्हाला," ती म्हणाली. मी उठलो.

तिन्हीसांजेला आमच्या अंगणात हाक आली. "वहिनी, आहेस का गं?" मी माझ्या खोलीत होतो. दार अर्धं उघडं होतं. बायको बाहेर गेली. 

मग ताई म्हणाली, "मी तोंडाला येईल ते बोलले, तू तेव्हा एका शब्दाने उलट का नाही बोललीस?"

"मला कुठे माहीत होतं? मलाही वाटलं, मीच."

"खुळी आहेस."

"आहे."

"आत ये म्हणणार आहेस की अंगणातच उभी करणार?"

त्या आत आल्या. बराच वेळ बोलत होत्या. गुडघ्यांबद्दल, जावयाबद्दल, एका भाजीवाल्याबद्दल. मधे एकदा कोणीतरी नाक शिंकरलं. मला कोणी हाक मारली नाही, आणि मीही बाहेर गेलो नाही.

विहाराच्या चिटणीसाला भेटून मी या रविवारच्या वंदनेनंतर बोलायला वेळ मागितला. तो म्हणाला, "काका, जुनं झालं ते. आता कशाला?" मी म्हणालो, मला पाहिजे. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोने विचारलं, "किती वाजता?" आणि मग म्हणाली, "आम्ही दोघी येतो. पुढे बसतो. सरळ सांगा. गोष्ट करू नका."

माइक हातात आला की मला सुचायला लागतं, हे आता मला माहीत आहे. म्हणून बोलण्याआधी हे लिहून काढलं आणि तिला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. एका ठिकाणी मी स्वतःबद्दल जरा बरं लिहिलं होतं. ते तिने काढायला लावलं.